चौथीतल्या लेकीला गुणाकाराची शाब्दिक उदाहरणं : 'फुली का मारायची?' कसं समजावू?

जेलरोडची आई :
नमस्कार. लेक चौथीत, मराठी माध्यमात आहे. पाढे पाठ आहेत. नुसतं ३४ × ६ दिलं तर हातच्यासकट बरोबर सोडवते. अडतं ते शाब्दिक उदाहरणात. काल हे दिलं होतं : 'द्राक्षबागेत २६ ओळी आहेत. प्रत्येक ओळीत ३४ वेली आहेत. तर बागेत एकूण वेली किती?'
'एकूण' दिसल्याबरोबर तिने बेरीज केली, ६०. पुन्हा वाच म्हटल्यावर गुणाकार मांडला आणि उत्तर काढलं २७२. वहीत पाहिलं तर ६ ने गुणून २०४, २ ने गुणून ६८, आणि दोन्ही सरळ एकाखाली एक. दुसऱ्या ओळीत एककाखाली फुली मारायची हे तिला शाळेत सांगितलंय, पण लक्षात राहत नाही. आता ती विचारते, 'फुली का मारायची?' 'पद्धत आहे म्हणून' असं उत्तर मला द्यायचं नाहीये. जाणकारांनी सांगावं.

दिंडोरीचे गुरुजी :
ताई, पोरीचा प्रश्न अगदी रास्त आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवत आलो. वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरी बाग, त्यामुळे ओळी आणि वेली त्यांना नव्याने सांगाव्या लागत नाहीत. तरी नेमकी हीच चूक होते, कारण मांडणी सुरू झाली की बाग डोळ्यांपुढून जाते आणि नुसते अंक उरतात.

फुलीचं नंतर बघू. आधी ६८ वर बोट ठेवा आणि विचारा, 'ह्या कुठल्या वेली?' ती सांगेल, दोन ओळींतल्या. मग विचारा, 'सहा ओळी तर मोजून झाल्या, आता किती राहिल्या?' वीस. २६ मधला २ दशकाच्या घरात आहे. दर्शनी किंमत २, पण स्थानिक किंमत २०. म्हणून ३४ गुणिले २ दशक म्हणजे ६८ दशक. सुटं काहीच नाही, म्हणून एककाच्या घरात शून्य : ६८०. त्यात सहा ओळींच्या २०४ मिळवल्या की ८८४. तिला काही दिवस फुलीऐवजी शून्यच लिहू द्या.

आता एक काम करा. शाळेच्या साहित्याच्या दुकानातून आलेख कागद आणा, १ मिलिमीटरच्या चौकटींचा. जाड रेषा जिथे एकमेकींना छेदतात त्या कोपऱ्यापासून आडव्या ३४ आणि उभ्या २६ बारीक चौकटींचा आयत आखायला सांगा. एक चौकट म्हणजे एक वेल, आडवी रांग म्हणजे बागेतली ओळ. जाड रेषा दर दहा घरांनी असतात, त्यामुळे वीस ओळींचा भाग आणि सहा ओळींचा भाग आपसूक वेगळे दिसतात. वरच्या भागात पूर्ण मोठे चौकोन सहा, प्रत्येकात १०० वेली, म्हणजे ६००. त्यांच्या बाजूला ४ गुणिले २० ची पट्टी, ८०. झाले ६८०. खालच्या भागात ३० गुणिले ६ म्हणजे १८०, आणि कोपऱ्यात ४ गुणिले ६ म्हणजे २४. झाले २०४. वहीतल्या दोन ओळी आणि कागदावरचे दोन भाग एकच आहेत, हे तिचं तिला दिसू द्या. तुम्ही बोलू नका. हे फार महत्त्वाचं आहे.

आणि गुणाकाराच्या आधी अंदाज. वीसच ओळी आणि प्रत्येकीत तीसच वेली धरल्या तरी ६०० भरतात. मग २७२ कसं येईल? ही सवय लागली की पोरं आपली चूक आपण धरतात. ऑक्टोबरच्या छाटणीला ओळी मोजून कामाचा अंदाज घेणारी माणसं पोरं घरी बघतातच, शाळेने तेच वहीत आणायचं.

नाशिकरोडकर :
गुरुजींचं पटलं. माझे वडील करन्सी नोट प्रेसमध्ये होते. एका गड्डीत १०० नोटा, अशा दहा गड्ड्या म्हणजे हजार, हे आम्हाला शाळेआधी घरात कळलं. हातचा कळायला पैसेच बरे. कागदाच्या १, १० आणि १०० च्या नोटा करा. ३४ रुपये सहा वेळा मांडा : दहाच्या १८, एकच्या २४. एकच्या २० देऊन दहाच्या दोन घ्या. दहाच्या झाल्या २०, त्या देऊन शंभरच्या दोन. उरले २०४. मधलं शून्य कुठून आलं ते मुलं लगेच सांगतात.

सिडकोतली शिक्षिका :
'एकूण'बद्दल. तेच आकडे घेऊन दोन उदाहरणं शेजारी ठेवा. 'एका वाफ्यात ३४ रोपं, दुसऱ्यात २६, एकूण किती?' आणि तुमचं बागेचं. दोन्हींत 'एकूण' आहे. विचारायचं एवढंच : 'सारखे गट आहेत का? गट किती, आणि एका गटात किती?' शब्द पकडून क्रिया ठरवायला शिकवू नका, पुढे हमखास दगा होतो. नंतर उलटं करा : ४५ × १२ देऊन तिलाच उदाहरण रचायला सांगा.

जेलरोडची आई :
सगळ्यांचे मनापासून आभार. आयत आखला. मोठे चौकोन मोजून झाल्यावर ६८० ती स्वतःच म्हणाली. आता विचारते, १२६ ओळी असतील तर?

दिंडोरीचे गुरुजी :
वा! मग वहीत तीन ओळी येतील : २०४, ६८० आणि शंभर ओळींच्या ३४००. बेरीज ४२८४. पण आधी अंदाज घेऊ द्या, शंभर ओळींत प्रत्येकी तीस धरल्या तर किती. कागद उभा धरा, १२६ घरं आरामात मावतात.