सेंटरवरच्या पोराला ॲडमिन खातं द्यावं का?

सेतूवाला (परभणी)
पीक विम्याच्या गर्दीत एकानं पेन ड्राइव्ह दिला, सातबारा प्रिंट करायचा होता. आत फोल्डरच्या जागी सगळे शॉर्टकट. पोरानं डबल क्लिक हाणलं. संध्याकाळपर्यंत दुकानातल्या चारही पेन ड्राइव्हची तीच गत, वर ॲंटिव्हायरस बंद पडलेला. पोरगा ॲडमिन खात्यावर (कॉम्प्युटरात काहीही टाकायची-बदलायची मुभा असलेलं खातं) बसलेला, अन् 'परवानगी द्यायची का' विचारणारी ती यूएसीची खिडकी मीच कटकट म्हणून बंद केलेली. चूक माझीच.
माझं म्हणणं, रोजच्या कामाला स्टँडर्ड, म्हणजे ती मुभा नसलेलं साधं खातं अन् ॲडमिनचा पासवर्ड मालकाकडं. जुन्या विंडोज एक्सपीत पहिलं खातंच ॲडमिन बनायचं. 2007 ला त्यानंतरच्या विंडोज व्हिस्टासोबत यूएसी आलं, पण आपली सवय एक्सपीचीच राहिली.

थंबवाला (गेवराई)
दादा, बोलायला सोपंय. थंब मशीनचा ड्रायव्हर, डिजिटल सहीचं टोकन, नवा प्रिंटर, सतत काहीतरी टाकावं लागतंय. मालक लग्नाला गेलेला अन् इकडं रांग दारापर्यंत. शेवटी पासवर्ड मॉनिटरच्या मागं चिठ्ठीवर सापडतो. आमच्याकडं सापडलाय!

लातूरकर नेटवर्क
दोघंही खात्यातच अडकलात. मे 2017 च्या वॅनाक्राय या खंडणीवाल्या (फाइली कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या) व्हायरसला कुणाच्या क्लिकची गरज नव्हती. विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या भोकातून तो नेटवर्कवरून आत यायचा अन् थेट सिस्टीमचे अधिकार घ्यायचा. तुमचं खातं कोणतं, हे त्यानं विचारलंच नाही. मायक्रोसॉफ्टनं ते भोक बुजवणारा पॅच मार्चमध्येच दिला होता, ज्यांनी टाकला ते वाचले.
आणि खंडणीवाल्या व्हायरसला ॲडमिन लागतं कशाला? ज्या फाइलीत पोरगा सेव्ह मारू शकतो, त्या सगळ्या तोही कुलूपबंद करू शकतो. गिऱ्हाइकांची स्कॅन कागदपत्रं त्यातच आली. आधी अपडेट, मग बॅकअप, अन् बॅकअपची डिस्क काम झालं की काढून ठेवायची. खात्याचं नंतर बघा.

सेतूवाला (परभणी)
फाइलींचं मान्य. शॉर्टकटवाला व्हायरस स्टँडर्ड खात्यावरूनही पेन ड्राइव्हला चिकटलाच असता, हेही खरं. पण विंडोजच्या फोल्डरात घुसणं, ॲंटिव्हायरस बंद पाडणं, दुसऱ्याच्या खात्यातल्या फाइलींना हात लावणं, हे त्याला इतकं सोपं गेलं नसतं. एका खात्यापुरती घाण असती तर ते खातं उडवून नवं केलं असतं. आता अख्खं विंडोज नव्यानं टाकलं, दीड दिवस गेला. हंगामात दीड दिवस म्हणजे किती, हे थंबवाल्या भाऊंना सांगायला नको.

उबुंटूप्रेमी (संभाजीनगर)
विंडोजऐवजी लिनक्स टाका. रोज साध्या खात्यावर काम, गरजेपुरती सुडो कमांडनं ॲडमिनची मुभा. वाद मिटला.

थंबवाला (गेवराई)
अन् टोकनचा ड्रायव्हर तुम्ही येऊन बसवणार?

लातूरकर नेटवर्क
सेतूवाले, एक मात्र सांगतो. ॲडमिन खात्यावर यूएसी चालू असलं तरी खिडकी नुसतं होय-नाही विचारते, अन् गर्दीत पोरगा 'होय'च दाबतो. स्टँडर्ड खात्यावर तीच खिडकी पासवर्ड मागते. तेवढा फरक मी मानतो.

थंबवाला (गेवराई)
बरं, उद्या एका कॉम्प्युटरवर करून बघतो. ड्रायव्हर आजच ॲडमिनमधून टाकून ठेवतो. पण पासवर्ड काय ठेवू? पोरीचं नाव ठेवलं की पोऱ्या पहिल्या झटक्यात ओळखतोय.