सोलरच्या नळाला जोर आहे, पण पाणी गार

मानपाडा_तिसरा_मजला:
घोडबंदर रोडला मानपाड्याजवळ आमची पाच मजली सोसायटी, १० घरं. गच्चीवर ५०० लिटरच्या दोन सोलर टाक्या, काचेच्या नळ्यांच्या. नऊ वर्षं बिनतक्रार पाणी मिळालं. गेले दहा दिवस सकाळी सहाला नळ सोडला की नुसतं गार पाणी. दोन बादल्या सोडून दिल्या तरी तेच, आणि आमच्याकडे निम्मं पाणी टँकरचं, ते असं मोरीत घालवताना जीव तुटतो. सासरे ८२ वर्षांचे, गुडघे धरलेले. त्यांच्यासाठी गॅसवर पातेलं तापवते. ते उकळतं पातेलं घेऊन ओल्या फरशीवरून जाताना रोज छातीत धडधडतं.

गरम पाणी बंद व्हायच्या दोन दिवस आधी वरची टाकी धुतली होती. सर्व्हिसवाल्याने गच्चीवर पाच मिनिटं काढली आणि सांगितलं, "नळ्या गेल्या, सगळ्या बदला." सेक्रेटरींनी वर्गणीची नोटीसही लावली. मला पटेना, म्हणून काल दुपारी दोनला स्वतः वर गेले. टाकीतून निघणाऱ्या पाइपला बोट लावलं तर चटका बसला. नळ्या गेल्या असत्या तर पाणी इतकं तापलं असतं का?

कळवेकर:
टाकी धुतल्यावर लाइनीत हवा अडकते, आमच्याकडे झालं होतं. टाकीवरचा उभा व्हेंट पाइप (हवा बाहेर जायचा) मोकळा आहे ना बघा. नळ फसफसत, तुटक येतो का? आणि नळ्या रिकाम्या झाल्या असतील तर उन्हात पाणी भरू देऊ नका. तापलेली काच गार पाण्याने तडकते. पहाटेच भरायचं.

मानपाडा_तिसरा_मजला:
फसफस अजिबात नाही. उलट पूर्वी गरम नळ बारीक यायचा, आता धो धो येतो.

जुना_प्लंबर:
ताई, जोर वाढलाय हीच खूण. हवा अडकली असती तर जोर कमी झाला असता. वरच्या कुणीतरी गार लाइनीला प्रेशर पंप लावलाय का? त्यांच्या बाथरूममधल्या मिक्सर नळाचे गरम-गार दोन्ही कॉक उघडे आणि पुढे हँडशॉवरचं बटण बंद असलं, की पंपाचं गार पाणी गरम लाइनीत उलटं घुसतं आणि सगळ्या घरांना तेच जातं.

खात्री अशी करा. गच्चीवर सोलर टाक्यांच्या गरम लाइनीचा मेन व्हॉल्व्ह बंद करा आणि खाली गरम नळ सोडा. पाइपातलं साठलेलं संपलं की नळ आटला पाहिजे. वाहतच राहिला तर पाणी दुसरीकडून येतंय. मग एकेका घराचा गरम लाइनीचा कॉक बंद करत जा, ज्या घराशी पाणी थांबेल ते घर. नळ्यांचंही सांगतो: खालच्या टोकाला चांदीसारखा लेप असतो, काचेच्या दोन थरांमधल्या पोकळीत हवा शिरून नळी गेली की तो पांढरा पडतो. पांढऱ्या तेवढ्याच बदलायच्या. चकचकीत नळीला हात लावू देऊ नका.

मानपाडा_तिसरा_मजला:
सापडलं! मेन व्हॉल्व्ह बंद करून वीस मिनिटं झाली तरी नळ वाहतच होता. पाचव्या मजल्यावरच्या एका घराचा कॉक फिरवला आणि धार बारीक होत थांबली. त्यांनी दिवाळीत बाथरूम नवीन केलं, तेव्हाच पंप बसवला. आपण खाली कुठेही गरम नळ सोडला की त्यांच्याकडे पंप घुरघुरायला लागायचा, अगदी पहाटेसुद्धा. वहिनी म्हणाल्या, "आम्हाला वाटलं पंपच बिघडलाय, त्याची तक्रार करणार होतो." त्या बिचाऱ्यांची झोप वेगळी मोडत होती.

त्यांच्या गरम लाइनीला काल नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला, म्हणजे पाणी उलटं घुसणार नाही. शेजारच्या प्लंबरचं अर्ध्या तासाचं काम. नळ्या सगळ्या वाकून बघितल्या, पांढरी एकच निघाली, तेवढीच बदलतोय. वर्गणीची नोटीस सेक्रेटरींनी स्वतः काढून टाकली. आज सकाळी पहिली अर्धी बादली गार आली, मग हाताला वाफ लागली. दादा, तुमचे मनापासून आभार. सासऱ्यांनी बादली भरल्यावर आणखी एक तांब्या मागून घेतला.