सल्ले कमी, सोय जास्त

'पहिलटकरणीला कितीही सांगा, ती स्वतःकडे लक्षच देत नाही' असा सूर गरोदरपणातल्या काळजीवरच्या चर्चेत दोघीतिघींनी लावलाय. मला वाटतं, सांगणंच जास्त होतंय. दिवसभर दहा जणींचे सल्ले ऐकले की कुणीही कान बंद करेल. त्यापेक्षा एकेक सवय रोजच्या कामाला जोडून द्यावी.

लोहाच्या गोळीचंच बघा. चहा-कॉफीबरोबर घेतली तर लोह नीट शोषलं जात नाही, आणि कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी नको. दोन्हींच्या वेळा डॉक्टरांना विचारून ठरवल्या आणि डब्या वेगळ्या ठेवल्या, की आठवण करायला कुणी लागत नाही. मळमळ किंवा बद्धकोष्ठता होते म्हणून अनेकजणी गोळी गुपचूप सोडतात. तेव्हा रागावू नका. डॉक्टरांना सांगितलं तर गोळी किंवा वेळ बदलता येते.

दातांकडे मात्र कुणाचंच लक्ष नसतं. हार्मोन्समुळे हिरड्या सुजतात, रक्त येतं, मग ब्रश करणंच टाळलं जातं. खरं तर तेव्हाच मऊ ब्रशने दोन वेळा दात घासायला हवेत. गरोदरपणात दंतवैद्याकडे जायला हरकत नसते.

डॉक्टरांची मनाई नसेल तर आठवड्याला १५० मिनिटं चालणं चांगलं. नवऱ्याने सोबत जावं (सूचना द्यायला तो पुढे असतोच!). २८ आठवड्यांनंतर कुशीवर झोपावं. आणि बाळाची हालचाल कमी वाटली तर 'उद्या बघू' अजिबात नको, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, रात्र असली तरी.