साथीचा प्रश्न: ‘दोन्ही कृती’ चूक कशी?

प्रश्न: काल सराव पेपरात ‘विधान वाचून योग्य कृती निवडा’ या प्रश्नात अडकले. विधान: शहरात कॉलऱ्याचे रुग्ण झपाट्याने वाढताहेत. कृती 1: पाण्याचे स्रोत तपासून लोकांना पाणी उकळून प्यायला सांगावं. कृती 2: सगळ्यांना लगेच दुसरीकडे हलवावं. मी ‘दोन्ही’वर खूण केली, उत्तर निघालं फक्त 1. जीव वाचवायचा तर हलवणं चूक कसं?

उत्तर 1: हलवलेल्यांत लक्षणं न दिसणारे बाधितही असणार. म्हणजे साथ तुम्हीच पोचवलीत की! कृती 1 मात्र मुळाशी, म्हणजे पाण्याशी जाते. 1854 मध्ये लंडनला कॉलऱ्याच्या साथीत डॉक्टर जॉन स्नोने ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाकडे बोट दाखवलं आणि पंपाचा दांडा काढला गेला. तेव्हा बहुतेक डॉक्टर दूषित हवेलाच दोष देत होते.

उत्तर 2: दाखला छान, पण दांडा निघेपर्यंत बरेच लोक पळाले होते, साथही ओसरत होती. स्नोनेही ते मान्य केलंय. असो. मी एवढंच बघतो: कृती कारणावर बसते का, आवाक्यातली आहे का.

प्रश्नकर्ती: मग ‘सर्वांना अँटिबायोटिक द्या’ आलं तर?

उत्तर 1: तो पर्याय खोडून टाका. कॉलऱ्यात मुख्य उपचार शरीरातलं पाणी आणि क्षार भरून काढणं. सरसकट गोळ्या वाटल्या की जंतू निगरगट्ट होतात.