टोकनची कात्री टाकून दिली, तर वेगाचं काय?

अक्षरवेडा (धागाकर्ता)
'विद्यार्थ्यांना' हा शब्द भाषेच्या मॉडेलला अखंड दिसेलच याची खात्री नाही. टोकनायझर आधी त्यावर कात्री चालवून त्याचे तुकडे, म्हणजे टोकन, पाडतो, आणि ती कुठे चालणार हे कोश (टोकनांची ठरलेली यादी) तयार करताना कोणत्या भाषेचा भरणा होता त्यावर ठरतं. २०२४ मध्ये जीपीटी-४ओ आणताना ओपनएआयनेच दाखवलं की त्यांच्या एका नमुन्याला मराठीत पूर्वी ९६ टोकन लागत, नव्या कोशात ३३. तोवर अडीचपटीहून जास्त टोकन आपण पैशात आणि वेळेत भरत होतो.

माझं मत, मॉडेलने थेट बाइट, म्हणजे संगणक अक्षरं ज्या आकड्यांत साठवतो ते, वाचावेत. बाइटपुढे सगळ्या भाषा समान. बाइटवर चालणारी मॉडेलं संथ, ही तक्रार आता जुनी झाली. मेटाच्या डिसेंबर २०२४ च्या बाइट लेटंट ट्रान्सफॉर्मरमध्ये पुढचा बाइट ओळखणं जिथे अवघड, तिथे एक छोटं मॉडेल नवा तुकडा पाडतं. मोठं मॉडेल दर बाइटला नाही, तुकड्यामागे एकदाच चालतं.

खडूफळा
असहमत. तुमचाच शब्द मोजा. काना, वेलांटी, हलन्त धरून १५ चिन्हं, यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची रूढ पद्धत) प्रत्येकी ३ बाइट, म्हणजे ४५. 'स्टुडंट्स' इंग्रजी स्पेलिंगने लिहिलं तर ८. बाइटपुढे सगळ्या भाषा समान, हे कुठे राहिलं? सहा-आठ बाइटच्या तुकड्यात इंग्रजीचा अख्खा शब्द बसतो, आपली जेमतेम दोन-अडीच चिन्हं. आणि मजकूर तयार करताना मॉडेलच्या दर फेरीला त्याची सगळी वजनं (शिकलेले आकडे, म्हणजेच पॅरामीटर) मेमरीतून वाचावी लागतात, म्हणून फेऱ्या वाढल्या की वेग घटतो. ८ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल, प्रत्येक आकडा १६ बिटांत, म्हणजे दर फेरीला १६ जीबी. त्यापेक्षा मराठीसाठी चांगला कोश करा.

अक्षरवेडा
४५ मान्य. पण देवनागरीत त्या तिनांतला पहिला बाइट कायम तोच असतो आणि दुसऱ्याला दोनच पर्याय. खरी निवड तिसऱ्यात. म्हणून छोट्या मॉडेलने पुढचे काही बाइट आधीच लिहून ठेवावेत, मोठ्या मॉडेलने ते एका फेरीत तपासावेत, पहिली चूक येईपर्यंतचे घ्यावेत. दर्जा घसरत नाही. मेटाच्याच २०२४ च्या दुसऱ्या प्रयोगात एकदम आठ बाइट ओळखायला शिकवलेलं मॉडेल स्वतःचेच अंदाज असे तपासत सुमारे सहापट वेगाने चाललं.

रानजाई
मी वऱ्हाडी मुलाखती उतरवते. आजी बोलते तसंच लिहायचं, हा आमचा नियम. कोश सुधारला तरी तो प्रमाण मराठीचा. बोलीतला शब्द आला की त्याचा पार भुगा होतो, म्हणजे वेगही तिथेच जातो. 'चांगला कोश' नेमका कोणाच्या मराठीचा, हे आधी सांगा.

खडूफळा
रानजाई, हे पटलं. याला माझ्याकडे उत्तर नाही.

अक्षरवेडा, तुमच्या तपासणीबद्दल मात्र अजून शंका आहे. ती मोकळ्या पडलेल्या गणनशक्तीवर जगते. एकट्याच्या लॅपटॉपवर ती असते. सर्व्हरवर शेकडो विनंत्या एकत्र धावतात तेव्हा फारशी उरत नाही, फायदा आटतो. शिवाय 'सेकंदाला इतके टोकन' हे माप इथे निरुपयोगी. मराठीची किती अक्षरं सेकंदाला, ते दोन्ही पद्धतींचं दाखवा.

अक्षरवेडा
माप मान्य, आणि एकत्र विनंत्या लावूनच मोजतो. रानजाई, बोलणाऱ्यांची परवानगी असेल तर दोन-चार मुलाखती नावं काढून द्याल का? प्रमाण मराठीवर मोजून हा वाद मिटणार नाही.