आठ राउटर, पाच एरिया आणि शिरपूरला जळगावचा रूटच येत नाही

सावदेकर:
नमस्कार मंडळी. केळी पॅकिंगच्या कंपनीत नेटवर्क बघतो. आयटी विभाग म्हणजे मी एकटाच, वजनकाट्याचा प्रिंटर अडकला तरी हाक मलाच. हेड ऑफिस जळगाव एमआयडीसीत, तिथे दोन राउटर. एक लीज लाइन भुसावळला, तिथून पुढे सावदा आणि रावेर. दुसरी धुळ्याला, धुळ्याहून पुढे शिरपूर. चोपड्याचं सेंटर ब्रॉडबँडवर आहे, जळगावपर्यंत जीआरई टनेल (इंटरनेटवरून टाकलेली आभासी लाइन).

व्हेंडरने ओएसपीएफ (राउटर एकमेकांना रूट, म्हणजे वाटा, सांगतात तो प्रोटोकॉल) एरियांत, म्हणजे गटांत, असं मांडलंय: जळगावचे दोन राउटर एरिया ० (मधला कणा), भुसावळ-सावदा-रावेर एरिया १, जळगाव-धुळे एरिया २ (हा स्टब, म्हणजे ओएसपीएफबाहेरचे रूट आत न घेणारा), धुळे-शिरपूर एरिया ३, चोपडा एरिया ४. धुळे आणि शिरपूर एकमेकांना फुल नेबर (पूर्ण जुळलेले शेजारी) दाखवतात. धुळ्याहून जळगावचा बिलिंग सर्व्हर पिंग होतो, शिरपूरहून नाही. शिरपूरच्या टेबलात जळगावचा एकही रूट नाही. व्हेंडर म्हणतो व्हर्च्युअल लिंक (मधल्या एरियातून एरिया ० शी आभासी जोड) टाकू. टाकू द्यावी का? पुढे शिरपूर-सावदा अशी ब्रॉडबँडवरून बॅकअप टनेलही करायची आहे, ती कोणत्या एरियात घ्यावी?

तापीकाठ:
टाकू द्या, पण एरिया २ चा स्टब आधी काढावा लागेल. स्टबमधून व्हर्च्युअल लिंक जात नाही. जळगाव आणि धुळे दोन्हीकडचा काढा, एकीकडे राहिला तर हॅलोतच (शेजारी ओळखायच्या पाकिटात) बिनसतं आणि नेबर पडतो. मग जळगाव-धुळे व्हर्च्युअल लिंक. शिरपूर लगेच दिसेल.

भुसावळकर:
तापीकाठ भाऊंचं बरोबर आहे, लिंक चालेल. पण मी असतो तर टाकू दिली नसती. अरे भो, आठ राउटरला पाच एरिया हा प्रकार आला कुठून?

शिरपूर का आंधळं आहे ते आधी बघा. धुळ्याच्या राउटरचा एक पोर्ट एरिया २ मध्ये, एक एरिया ३ मध्ये, एरिया ० मध्ये काहीच नाही. एका एरियाचे रूट दुसऱ्यात सांगणं हे एबीआरचं (एरियांच्या हद्दीवरच्या राउटरचं) काम, आणि बहुतेक कंपन्यांचे राउटर एरिया ० शी जोडलेले नसतील तर स्वतःला एबीआर समजतच नाहीत. म्हणून धुळ्याला जळगाव माहीत आहे, पण ते शिरपूरला सांगत नाही. नेबर फुल झाला याचा अर्थ त्या एका एरियाचा डेटाबेस दोघांचा जुळला. बाकीचं नेटवर्क कळलं असा त्याचा अर्थ नाही.

आता मूळ मुद्दा. एरिया पाडायचा तो माहिती लपवायला. एबीआरवर रेंज लावून वीस रूटचा एक रूट करून पुढे पाठवता आला, तर एरियाचं चीज झालं. रेंज नसेल तर प्रत्येक सबनेट टाइप ३ एलएसए (दुसऱ्या एरियातल्या रूटची खबर) होऊन जसाच्या तसा पलीकडे जातो. तुमच्याकडे एकाही एबीआरवर रेंज नसणार, पैज लावतो. म्हणजे लपलं काहीच नाही, नुसते नियम वाढले.

कोणी म्हणेल, रावेरकडे लाइट जाते, लिंक वरखाली होते, दर वेळी सगळ्यांना एसपीएफ (वाटांचं झाड मांडायचा हिशोब) परत चालवावं लागतं. लागू द्या. आठ राउटरचं झाड मांडायला आजच्या साध्या राउटरलाही काही वाटत नाही. एका एरियात पन्नासच राउटर असले जुने आकडे अजून फिरतात, ते त्या काळच्या प्रोसेसरसाठी होते. ओएसपीएफ आवृत्ती २ ची आरएफसी (मानकाचा दस्तऐवज) २३२८ ही १९९८ ची आहे, त्यावरून समजा. आणि तुम्ही तर पन्नासच्या जवळपासही नाही.

तुमच्या बॅकअप टनेलसाठी तर एरिया घातकच. समजा शिरपूरचं लॅन आणि ती टनेल दोन्ही सावद्याच्या एरिया १ मध्ये घेतली. एरियाच्या आतला रूट असेल तर ओएसपीएफ बाहेरून फिरून येणारा रूट बघतही नाही, कॉस्ट (वाटेला दिलेला खर्चाचा आकडा, कमी असेल ती वाट आधी) कितीही असो. टनेलला कॉस्ट दहा हजार द्या, सावदा-शिरपूरचा सगळा माल ब्रॉडबँडवरूनच जाणार आणि लीज लाइन रिकामी बसणार. सगळं एरिया ० मध्ये असेल तर तोच दहा हजार आकडा मुकाट काम करतो.

तेव्हा सगळं एरिया ० मध्ये घ्या, स्टब काढा (एरिया ० स्टब होऊच शकत नाही). आयपी मात्र आजच नीट वाटा: भुसावळ-रावेर पट्टा १०.२० मध्ये, धुळे-शिरपूर १०.३० मध्ये. कंपनी खरंच वाढली तर त्या दिवशी रेंज लावता येईल. पत्ते विस्कटलेले असतील तर एरिया पाडूनही उपयोग नाही.

बदल करताना लांबचं टोक आधी. एरिया जुळत नसला की नेबर पडतो आणि रूट जातात, पण लिंकचा स्वतःचा आयपी थेट जोडलेला असतो, त्याला ओएसपीएफ लागत नाही. म्हणून जळगावहून धुळ्यात शिरा, धुळ्यातून लिंकच्या आयपीवर शिरपूरला, तिथे एरिया बदला, एका पायरीने मागे या, धुळ्याचं टोक बदला. रावेर-सावदा-भुसावळ तसंच. रात्री काटा बंद झाल्यावर करा, दिवसा केळीचे ट्रक रांगेत असताना नको. लॅनचे पोर्ट पॅसिव्ह (नेबर न शोधणारे) करा, राउटर आयडी लूपबॅकवरून (राउटरच्या आतल्या आभासी पोर्टवरून) हातानं द्या. आणि एक गिगाच्या लिंक असतील तर रेफरन्स बँडविड्थ (ज्या वेगावरून कॉस्ट काढतात तो आकडा) सगळीकडे सारखी वाढवा. बऱ्याच राउटरवर ती मुळात १०० एमबीपीएस असते, मग शंभरची आणि हजारची लिंक दोन्हींची कॉस्ट १.

तापीकाठ:
पटलं. व्हर्च्युअल लिंक धुळ्यापुरती भागवते, पण पुढचा माणूस आला की तो विचारणार, ही कशाला. एक जोड: लिंकवर ऑथेंटिकेशन लावा, पण एरियाचा बदल स्थिर झाल्यावर. दोन्ही एकदम केलं की नेबर कशामुळे पडला ते कळत नाही.

सावदेकर:
दादा, पैज तुम्ही जिंकलात, एकाही एबीआरवर रेंज नव्हती. काल रात्री शिरपूर, धुळे, मग रावेरकडून उलटं येत सगळं एरिया ० केलं. शिरपूरहून बिलिंग चालू. बाबांना वाटलं ऑफिसात चोर शिरला, रात्री फोन करून विचारत होते, "काय करी राहिना रे इतक्या रात्री?"

फक्त चोपडा राहिलंय. टनेल पिंग होते, पण नेबर एक्स-स्टार्टवर (डेटाबेसची देवाणघेवाण सुरू होण्याच्या पायरीवर) अडकतो, पुढे सरकत नाही. एरिया दोन्हीकडे ० आहे, हॅलो १० आणि डेड ४० सेकंद पण सारखे.

भुसावळकर:
दोन्ही टोकांचा एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) बघा. डेटाबेसच्या पाकिटात प्रत्येक बाजू आपला एमटीयू सांगते, समोरच्याचा आपल्यापेक्षा मोठा दिसला की ते पाकीट टाकून देतात. जीआरईचा साधारण १४७६ येतो, चोपड्याला कोणीतरी ब्रॉडबँडसाठी १४०० केला असेल. दोन्हीकडे १४०० करा. एमटीयू दुर्लक्षित करायचा पर्याय सापडेल, त्याला हात लावू नका. नेबर फुल होईल, पण मोठी पाकिटं टनेलमध्ये मरतील आणि चोपड्याची बिलं अर्धवट उघडतील.

सावदेकर:
चोपड्याला १४०० च होता. जळगावलाही केला, फुल झाला.