मदत हवी आहे: टायफून धडकतानाचं उष्णता-प्रारण कसं वेगळं काढायचं?

सप्टेंबर २०१८ मध्ये मांगखुत टायफून (पॅसिफिकमधलं चक्रीवादळ) मध्यरात्रीनंतर फिलिपिन्समधल्या उत्तर लुझॉन बेटावर धडकला, त्या वेळच्या हिमावारी-८ या जपानी हवामान उपग्रहाच्या अवरक्त प्रतिमा (१०.४ मायक्रॉन, दर १० मिनिटांनी एक) बघतेय. जमिनीवर आल्यावर वादळाच्या डोळ्याचा (मधल्या शांत भागाचा) उबदार ठिपका बुजतो, पुढे ढगमाथेही तापत जातात. बाष्प तुटलं, डोंगर आडवे आले, हे कळतं. पण ढगमाथ्यांना रोजचीही लय असतेच ना, पहाटे थंड नि दुपारी उबदार! मग यातलं धडकेमुळे किती, हे कसं ठरवायचं? आदल्या दिवशीची तीच वेळ वजा करणं मला पटत नाही, तेव्हा वादळ भर समुद्रात होतं. शिवाय या एकाच तरंगलांबी-पट्ट्यावरून एकूण बहिर्गामी प्रारण (अवकाशात बाहेर जाणारी सगळी उष्णता) काढलं तर चालेल का? हेच प्रारण थेट मोजणाऱ्या नासाच्या सेरेस उपकरणाची मोजणी भरवशाची, पण त्याचे उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा वरून जातात. कुणी केलंय का असं?